झुंबरबाईची सावड

नाणे मावळात भात एकट्याने लावता येत नाही. जमीन डोंगराच्या उतारावर, पायऱ्या पायऱ्यांची. खाचरं लहान आणि पाऊस मोठा. रोप वयात आलं की ते उपटून चिखलात लावायला थोडे दिवस हातात असतात. तेवढ्यात एका घरची माणसं काय लावणार? म्हणून आमच्याकडे सावड असते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. दिवसाची फेड दिवसाने करायची, आणि ती बुडवणारा माणूस आमच्या आडवलीत अजून जन्मायचा आहे.

पण सावड आपोआप बांधली जात नाही. कुणाचं खाचर आधी घ्यायचं, कुणाचं मागून. कुणाच्या शेजारी कुणाला उभं करायचं आणि कुणाला चुकूनही करायचं नाही, हे कळणारं एक माणूस लागतं. आडवलीत ते माणूस म्हणजे झुंबरबाई. तिच्या वेळची सावड आम्ही पाहिली, तिच्या हाताखाली राबलो, याचा आम्हाला गर्व आहे.

उंच, हाडापेराने मोठी बाई. आवाज मात्र एवढासा. गावात म्हणत, झुंबरबाई ओरडली तर दारातलं कोंबडंही मान वळवत नाही. ती पवन मावळातून लग्न होऊन इथे आली त्याच साली मानमोडीच्या तापाची साथ आली, अठरा सालची. ऐन दिवाळीचे दिवस, भात पिवळं होऊन वाकलेलं, आणि घराघरांत माणसं आडवी पडलेली. सासरे म्हणाले, आपलं तेवढं कापून घेऊ. नवी सून पदर सावरत म्हणाली, "आपलं कापलं, तरी झोडायला मानसं लागतीलच की, मामंजी. ती जगाया नगत का?"

जी माणसं चालती-फिरती होती ती तिने गोळा केली. पहिला विळा लावला तो बांधावरून सासूचं ज्या घराशी हाडवैर होतं त्यांच्या खाचराला. लोकांनी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, "त्यांचं मागं ठेवलं असतं, तर तुमीच म्हनला असता, मुद्दाम ठेवलं."

त्या हंगामापासून सावड तिच्याकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. नवरा भिमाजी रेल्वेच्या गँगमध्ये रुळावर होता. पुढे तो तापाने गेला. एकुलता मुलगा गेणू. लढाईच्या दिवसांत देहूरोडला लष्कराचा डेपो झाला, तिथे तो कामाला लागला. शनिवारी रात्री गाडीने कामशेतला उतरायचा आणि रविवारी आईच्या हाताखाली राबायचा. पोरगा कामाचा होता. बाकी तापट, आणि चार जणांत मिसळला की स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचा.

पुढे अठ्ठेचाळीस साल उजाडलं. जानेवारीच्या शेवटी दिल्लीला महात्म्याला गोळ्या घातल्याची बातमी आली. मारणारा पुण्याकडचा ब्राह्मण आहे असं कळलं, आणि आमच्या मुलखात ब्राह्मणांची घरं पेटू लागली. ज्यांनी त्या मारणाऱ्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्यांचीही पेटली.

आडवलीत ब्राह्मणाचं घर एकच. म्हातारे नरहरभट देवळात पूजा करीत. मुलगा वारला होता; घरात विधवा सून लीलाबाई. दोन खाचरं होती, ती वाट्याने लावायला दिलेली. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.

रविवारी दुपारी नदीच्या अंगाने घोळका येताना दिसला. झुंबरबाईने भाकरीचा तवा उतरवला, मागच्या वाटेने जाऊन त्या दोघांना आपल्या गोठ्यात आणलं आणि गवताच्या गंजीमागे बसवलं. मग पुन्हा दारात येऊन भाकऱ्या थापू लागली. घोळका आला, गेला. नरहरभटांचं घर संध्याकाळपर्यंत जळत होतं.

त्या दिवसाबद्दल गाव पुढे एकच वाक्य सांगायचं. "बाहेरचे आले आनि जाळून गेले." वाक्य खोटं नव्हतं; अपुरं होतं. बाहेरचे आले होते खरे, पण वाट दाखवायला आणि हात लावायला गावातलेही होते. दिवस मावळताना गेणू घरी आला तेव्हा त्याच्या भुवया होरपळलेल्या होत्या. आईने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती गोठ्यातल्या दोघांना भाकरी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्या दोघांना कामशेतला नेऊन पुण्याच्या गाडीत बसवलं.

देवळात दिवा लावायचं काम दत्तोबाने अंगावर घेतलं. हा दत्तोबा गावचा म्हातारा, मिशा मोठ्या, आणि कुठल्याही कामात मधे उभा राहून सांगायची हौस दांडगी. दिवा लागत होता, पण गावाला चैन नव्हतं. काळ्या भिंतींवरून नजर चुकवून लोक जायचे. बायका पाण्याला लांबच्या वाटेने जायच्या. झुंबरबाई मात्र रोज त्याच वाटेने गेली. चैत्र लागला तशी ती कुणाला न सांगता पुण्याला निघून गेली.

नरहरभट पुण्यात एका नातेवाइकाच्या दोन खोल्यांत होते. नातेवाईक दारातच म्हणाले, "आता आणखी काय न्यायला आलात?"

"मानसं," झुंबरबाई म्हणाली.

आतून लीलाबाई बाहेर आली. झुंबरबाईला पाहून तिचे डोळे भरून आले, तरी ती सावध बोलली. "झुंबरबाई, तुम्ही आम्हाला वाचवलंत, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण तिथे येऊन राहायचं कुठे? आणि कुणाच्या भरवशावर?"

"माज्या भरवशावर नगा येऊ. मी आज हाय, उद्या न्हाई. सावडीत या."

लीलाबाईला आधी उमगलंच नाही. ब्राह्मणाच्या बाईने गुडघाभर चिखलात उतरून दुसऱ्याचं भात लावायचं, हे कुणी ऐकलेलं नव्हतं.

"मला लावणी येत नाही."

"कुनाला पोटातनं शिकून येतीया? शिकाल."

"आणि लोक घेतील मला?"

"हे ऐका. सावडीत नवं मानूस आलं, की त्यानं पयलं समद्यांच्या खाचरात राबायचं. त्येची पाळी शेवटाला. म्हंजी तुमची पाळी यीस्तवर समदं गाव तुमच्या फेडीत. जेच्या फेडीत गाव हाय, तेला गाव हाकलील कसं?"

कोपऱ्यातून नरहरभट खाकरले. "मला कुणी विचारतंय का? देवळात दिवा कोण लावतं हल्ली?"

"दत्तोबा लावतो."

"दत्तोबा! निम्मं तेल मिशांना जात असेल." म्हातारा काठी टेकून उठलाच. "लीला, बांध बोचकं."

अशी ती दोघं परत आली. जळक्या घराशेजारी गावाने दुसरं लहान घर उभं केलं. डोंगरावरच्या ठाकरवाडीने भिंतींना कारवी दिली, ज्याच्या त्याच्या परसातून वासे आले. त्या कामात गेणू सगळ्यांहून जास्त खपला. सुट्टीच्या दिवशी जेवणाची वेळही ध्यानात ठेवीना. त्याचं ते खपणं बघून लोक वाहवा करीत, आणि झुंबरबाई दुसरीकडे बघे. लीलाबाई त्याला ताक द्यायची. "गेणू, बस जरा. किती करशील!" तो ताक घ्यायचा, पण तिच्या तोंडाकडे बघायचा नाही.

आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली. पहिल्या दिवशी लीलाबाई सरुबाईच्या खाचरात उतरली. सरुबाई म्हणजे सावडीतली तिखट जीभ. लीलाबाईने पाऊल टाकलं, ते चिखलाने धरून ठेवलं, आणि ती तोंडावर आडवी झाली. सगळ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काकू," सरुबाई म्हणाली, "खाचराला दंडवत घालायचा नसतो वो, रोप लावायचं असतंय!"

लीलाबाईने तोंडावरचा चिखल पुसला. "तुमच्या खाचराचा मानच मोठा, सरुबाई. घातल्यावाचून पुढे जाऊ देईना."

असा हशा पिकला की वरच्या खाचरातले बैलही थांबले. झुंबरबाईने तिला आपल्या शेजारची पात दिली. ओळीत ज्याचा त्याचा लावायचा पट्टा ठरलेला असतो, त्याला आम्ही पात म्हणतो. सावडीत जन्म काढलेल्या माणसाला आपलीच काय, दुसऱ्याचीही पात पाठ असते. कोण कुणाच्या डाव्या हाताला होतं हे मागच्या सालचंही सांगेल, आणि कुणी चुकीच्या जागी उभं राहिलं तर त्याला हलवल्याशिवाय चैन पडायची नाही. आडवलीची ही खोड. एरवी चांगली खोड आहे.

लीलाबाई शिकली. मागे मागे सरत रोप लावताना तिचा हात हळूहळू बायकांच्या हाताला मिळाला. एकेकाचं खाचर होत गेलं आणि तिची पाळी जवळ आली.

तेवढ्यात तळपदे आले. हे गृहस्थ मुंबईचे, त्या दिवसांत लोणावळ्याला मित्राच्या बंगल्यात राहत होते. पडद्यावर दाखवायची लहान लहान चित्रं काढीत. त्यांत नाटक नसे, राजा-राणी नसे, खरी माणसं खरं काम करताना असत. ब्राह्मणाची बाई गावाबरोबर सावडीत भात लावते, हे त्यांनी लोणावळ्याच्या बाजारात ऐकलं. माणूस सरळ होता. चावडीपुढे सगळ्यांना बसवून त्याने विचारलं. "जळलेल्या घरांची चित्रं पुष्कळ जण काढतील," तो म्हणाला, "जळाल्यावर गाव पुन्हा एकत्र कसं बसतं, हे कुणीतरी काढायला हवं. दुसऱ्या गावांना दाखवता येईल. तुमची परवानगी असेल तर काढतो."

लोकांनी झुंबरबाईकडे पाहिलं. तिने लीलाबाईकडे पाहिलं. लीलाबाई म्हणाली, "काढा की. चांगलंच आहे."

झुंबरबाईच्या मनात काय आलं असेल ते तिलाच ठाऊक. ती नको म्हणाली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

कॅमेरा पाहायला सारं गाव लोटलं. पेटीएवढा, त्याला घड्याळासारखी चावी. चावी दिली की कुर्रर्र आवाज करीत चाले. तळपद्यांनी आवणी काढली, इरली पांघरून वाकलेल्या बायका काढल्या, नरहरभटांची पूजा काढली. लीलाबाईच्या पाळीच्या आदल्या दिवशी पाऊस उघडला होता. सारी सावड तिच्या अंगणात जमली होती. तळपदे जळक्या भिंतींपाशी उभे राहून म्हणाले, "आधी काय झालं ते थोडं दाखवलं पाहिजे, नाहीतर पाहणाऱ्याला कळणार नाही. बाहेरचा घोळका आला, तो कुठून आला, कसा आला, एवढंच. तुमच्यापैकी काही जणांनी त्या बाहेरच्यांचं सोंग घ्यायचं."

सोंग म्हटल्यावर पुरुषांना चेव आला. कुणी काठ्या आणल्या, कुणी मुंडासं तोंडावर ओढलं. पहिल्या खेपेला सगळे वरातीसारखे रांगेत आले आणि कॅमेऱ्यापुढे येऊन हसले.

"असं नको," तळपदे हसून म्हणाले. "जसं झालं तसं करा."

दत्तोबाला एवढं पुरे होतं. तो मधे जाऊन उभा राहिला. "ऐकलं का रं? सायेब काय म्हनत्यात? जसं झालं तसं! चला, आपापली जागा घ्या."

कॅमेऱ्याची चावी फिरली. आणि माणसांनी आपापली जागा घेतली.

विचार करून घेतली नाही. पाय आपोआप गेले. कुणी आंब्याखाली गेला, कुणी मागच्या दाराशी, कुणी दोघे न्हाणीच्या कडेला. एकाला दुसऱ्याने खांद्याला धरून हातभर सरकवलं. गेणूने सोंगासाठी पेंढ्याचा भारा उचलला होता. तो अंगणात घुटमळला, तसा दत्तोबा तापला.

"गेन्या, तू हितं कुटं? तू पडवीच्या अंगाला हुतास! पेंढा तितंच तर लावलास..."

पुढचं त्याच्या तोंडात राहिलं. आवाज फक्त कॅमेऱ्याचा येत होता. तळपद्यांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्यांनी तो थांबवला.

लीलाबाई नव्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. आंब्याखाली पाहिलं, मागच्या दाराशी पाहिलं, न्हाणीच्या कडेला पाहिलं. जो तो जिथे होता तिथेच खिळला होता. हलावं तरी पंचाईत, न हलावं तरी पंचाईत. ती उठून सरळ गेणूपुढे जाऊन उभी राहिली.

"गेणू, आम्ही घरात नाही हे तुला ठाऊक होतं?"

गेणूला भारा खाली टाकायचंही सुचलं नाही. "न्हाई, काकू."

"कुणाला विचारलं होतंस?"

"न्हाई."

मग ती झुंबरबाईकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

झुंबरबाईला नाही म्हणता आलं असतं. कुणी तिला खोटं पाडलं नसतं. ती म्हणाली, "व्हय. त्याच दिसापासनं. तुमी माज्या गोठ्यात हुतात तवापासनं."

"म्हणून मला परत आणलंत? मुलाचं पाप झाकायला?"

"पयलं त्यासाटीच आनलं," झुंबरबाई तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली. "मागनं तुमी सावडीतल्या झालात."

लीलाबाई घरात गेली. दार लावलं. आतून कडी पडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

सरुबाई दत्तोबावर धावली, "तुमच्या जिभंला हाड न्हाई ते न्हाई, तुमच्या डोक्यालाबी न्हाई!" दत्तोबा रडकुंडीला येऊन म्हणत होता, "सायेब म्हनलं जसं झालं तसं..."

तळपद्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कापडाखाली हात घालून कॅमेऱ्यातलं रीळ काढलं आणि पत्र्याच्या गोल डबीत बंद केलं. "बाई, चूक माझी," ते झुंबरबाईला म्हणाले. "यात सगळ्यांचे चेहरे आले आहेत. ही डबी उजेडात उघडली, की आतलं सगळं पुसून जातं. सांगा, आत्ता उघडतो. की जाळून टाकू?"

"या गावात आता काय जाळायचं न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "आनि उगडायचीबी न्हाई. त्यात जे हाय ते लीलाबाईचं हाय. त्यांच्या उंबऱ्यावर ठेवा, आनि डबीचं जे मला सांगितलंत ते त्यांना सांगा."

गेणू पांढराफटक पडला. "आये, त्या पोलिसांत देतील."

"दिली तर दिली."

"मी जेलात जाईन."

"भाकरी घेऊन यीन." ती त्याच्याकडे न बघता बोलली. मग तिने त्याच्या खांद्यावरचा भारा उतरवून घेतला.

तळपद्यांनी डबी उंबऱ्यावर ठेवली आणि बंद दाराला तोंड करून सगळं समजावून सांगितलं: उघडली तर काय होईल, आणि न उघडता पुण्याला धाडली तर काय दिसेल. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं, एक हात बाहेर आला आणि डबी आत गेली.

झुंबरबाई सावडीला म्हणाली, "उद्या लीलाबाईच्या खाचरात. सकाळी येरवाळी."

"ती येईल व्हय?" सरुबाईने विचारलं.

"आपली फेड हाय. आपुन जायचं. त्यांनी यायचं का न्हाई, ते त्यांचं."

दुसऱ्या दिवशी पाऊस संथ धरून होता. चिखल करून तयार होता, रोपाच्या जुड्या उपटून बांधावर मांडल्या होत्या. सारी सावड बांधावर उभी. आमच्यात रीत अशी, की ज्याचं खाचर त्याने पहिलं रोप लावायचं. त्याच्याआधी कुणी पाय ओला करायचा नाही. गेणू आला होता, आंब्याखालचे, न्हाणीच्या कडेचे, सगळे आले होते. एकही घरी राहिला नव्हता. एकमेकांकडे मात्र कुणी बघत नव्हतं. तळपदेही आले, पण कॅमेरा न घेता, आणि इतरांसारखे भिजत उभे राहिले.

न्याहारीची वेळ टळली. इरल्यांवरून पाणी गळत होतं.

"झुंबरआत्या, पाय आकडलं," सरुबाई पुटपुटली. "हाक मारून येऊ का?"

"न्हाई."

"मग आपुनच चार रोपं लावू या. भात तर लागंल."

"न्हाई. हाक मारली तर जबरदस्ती झाली, न इचारता लावलं तर चोरी झाली. उभी ऱ्हा."

"आनि आल्याच न्हाईत तर?"

"तर उद्या यायचं."

उपटलेलं रोप फार दिवस थांबत नाही, पिवळं पडतं, हे तिला सांगायची कुणाला गरज नव्हती. नाही आली लीलाबाई, तर ते खाचर पडीक राहील, ती दोघं पुण्याची गाडी धरतील, डबी पोलिसांत जाईल आणि तिचा मुलगा तुरुंगात. यातलं सगळं तिला दिसत होतं. तरी ती जागची हलली नाही. एवढी मोठी बाई आम्ही दुसरी पाहिली नाही.

पहिल्यांदा दिसले नरहरभट. काठी टेकत, चिखल चुकवत आले आणि बांधावरच्या दगडावर बसले. "ती काय करील ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला सांगितलं नाही. मी आपला माझं खाचर बघायला आलो."

मग लीलाबाई आली. पदर खोचलेला, हातात काही नाही. बांधावर येऊन ती थांबली. डोळे सुजले होते, आवाज मात्र स्थिर होता.

"गेणू माझ्या खाचरात पाय ठेवणार नाही."

तिने बांधावरच्या माणसांवरून नजर फिरवली.

"बाकीच्यांनी काय केलं ते मी पाहिलंय. त्यांनी खाली मान घालून का होईना, पण लावावं. मी त्यांच्या खाचरांत आधीच राबून बसले आहे. गेणूने नाही. मी सांगेपर्यंत नाही."

सगळ्यांची नजर आईकडे गेली. आपल्या पोराला गावादेखत ओळीबाहेर काढणं, हे आमच्यात लहानसहान नाही. सावडीतून काढलेल्याला सोयरीकसुद्धा मिळत नाही. झुंबरबाई एवढंच म्हणाली, "बरोबर हाय." मग मुलाकडे वळली. "गेणू, वाफ्यातनं रोप आनून बांधावरनं द्यायचं. खाचरात पाऊल न्हाई. काकूंच्या खाचराला जुडी कमी पडता कामा नये."

"व्हय, आये."

लीलाबाई खाली उतरली. एक जुडी सोडली, चार काड्या बोटांत धरल्या आणि पहिलं रोप लावलं. तिच्यामागून सावड चिखलात उतरली. त्या दिवशी गाणं झालं नाही, हसणं झालं नाही. पाऊस आणि चिखलातून पाय निघाल्याचे आवाज तेवढे. गेणू दिवसभर डोक्यावरून रोप वाहत होता. बांधावर येई, जुड्या खाली टाकी, पुन्हा वाफ्याकडे जाई. संध्याकाळी खाचर हिरवं झालं.

डबीचं लीलाबाईने काय केलं हे कुणाला कळलं नाही. उघडली, का तशीच ट्रंकेत ठेवली, का नदीत सोडली? पोलीस आले नाहीत, एवढं खरं. आडवलीत हजार गोष्टींची चौकशी होते, पण ही चौकशी आजतागायत कुणी केली नाही, आणि झुंबरबाईने तर नाहीच. "बाहेरचे आले आनि जाळून गेले" हे वाक्यही त्या दिवसापासून गावाच्या तोंडी पुन्हा आलं नाही. कुणी विचारलं तर लोक म्हणत, "जाळलं. आमीबी हुतो."

तळपद्यांचं चित्र पुढच्या उन्हाळ्यात लोणावळ्याच्या एका शाळेत पडद्यावर लागलं. गाव गाडीने बघायला गेलं. चित्रात आवणी होती, नवं घर होतं, नरहरभटांची पूजा होती. घर कुणी जाळलं हे तळपद्यांनी दाखवलं नव्हतं. "जळलं" एवढं सांगून ते पुढे गेले होते. झुंबरबाईने स्वतःला प्रथमच लांबून पाहिलं आणि ती मोठ्याने, म्हणजे तिच्या मानाने मोठ्याने, म्हणाली, "माजी पाठ एवडी वाकडी हाय व्हय गं?"

"त्यात काय नवं?" सरुबाई म्हणाली. "आमी मागनं रोज बघतोय."

लीलाबाई पुढच्या ओळीत बसली होती. तीही हसली.

एकोणपन्नासची आवणी आली. लीलाबाई आता जुनी झाली होती, म्हणून तिची पाळी मधे लागली. गेणूने डेपोतून रजा काढली. त्याने काही विचारलं नाही, आईने काही सुचवलं नाही. सावड खाचरात उतरली आणि तो सरळ रोपाच्या वाफ्याकडे गेला.

ऊन-पाऊस चालला होता. बायका गात होत्या. लीलाबाई बांधाकडेच्या पातीत होती. तिचं रोप संपलं तेव्हा गेणू जुड्यांचं ओझं घेऊन बांधावर आला आणि नेहमीसारखा त्या खाली टाकू लागला.

"फेकू नको," लीलाबाई म्हणाली. "रोप मोडतं. हातात दे."

गेणू बांधाच्या कडेला उकिडवा बसला. खाचरात पाऊल पडू नये म्हणून त्याने एका हाताने बांधावरचं गवत धरलं आणि दुसऱ्या हाताने जुडी पुढे केली. तिने ती घेतली. "अजून एक," म्हणाली. त्याने दुसरी दिली. तिने त्याला खाली ये म्हटलं नाही, आणि त्यानेही वाट पाहिली नाही. तो उठून पुढचं ओझं आणायला गेला.

शेजारच्या पातीत झुंबरबाई वाकलेली होती. तिने मान वर केली नाही. फक्त तिचा हात क्षणभर चिखलातच राहिला. मग ती एक पाऊल मागे सरली आणि तिने पुढचं रोप लावलं.